बिनतारी यंत्रें आणि देशोदेशींचे शक्तिनिर्बंध

मुंबईच्या एखाद्या घरांतील टेबलावरचा लहानसा संगणक आज येथें असतो, उद्यां विमानानें लंडनला जातो आणि आठवड्यानें तोकियोस पोंचतो. तिन्ही ठिकाणीं त्याच्या पोटांतील बिनतारी कार्ड तेंच, एरियलहि तीच. मात्र त्या कार्डानें किती मोठ्यानें बोलावें, म्हणजे किती शक्तीनें लहरी सोडाव्यात, याविषयींचा कायदा तिन्ही देशांत निराळा आहे. विमानतळावर सामान तपासणारा अधिकारी त्या कार्डाकडे पाहात नाहीं आणि संगणकाचा मालक तो कायदा कधीं वाचीत नाहीं. असें असूनहि बहुतेक वेळां कायदा पाळला जातो. तो पाळण्याचें काम ड्रायव्हर या नांवाचा एक प्रोग्रॅम करीत असतो. यंत्राचा लोखंडी भाग आणि त्यावर चालणारी विचारशक्ति यांच्यामध्यें बसलेला हा दुभाषी होय. याच्या हातीं देशोदेशींचे कायदे कसे आले, आणि ते त्याच्या हातीं ठेवावे कीं नाहींत यावरून केवढे वाद झाले, हा बिनतारीच्या इतिहासांतील एक उद्बोधक अध्याय आहे.

प्रोग्रॅम नवा असला तरी प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. भरल्या पंक्तींत एकानें ओरडून बोलावयास आरंभ केला, कीं शेजाऱ्यासहि आवाज चढवावा लागतो, आणि शेवटीं कोणाचेंच कोणास ऐकूं येत नाहीं. बिनतारीचें तसेंच आहे. आकाशाला भिंती नाहींत आणि लहरींना गांवाची वेस ठाऊक नाहीं. ज्याची शक्ति अधिक त्याचा संदेश ऐकूं जातो, आणि त्याच लहरीवर बोलणारा दुर्बळ त्याखालीं बुडतो.

या गोष्टीचें दारुण प्रत्यंतर १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं आलें. ‘टायटॅनिक’ जहाजाचा बिनतारी अधिकारी जॅक फिलिप्स हा न्यूफाउंडलंडमधील केप रेस या ठाण्याशीं उतारूंचे खासगी निरोप बोलण्यांत गढून गेला होता. ठाणें दूर होतें व त्याचा आवाज क्षीण येत होता. इतक्यांत जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरून सिरिल एव्हन्स यानें, आपलें जहाज बर्फानें वेढलें जाऊन थांबलें आहे, असें कळविण्यास आरंभ केला. जहाज जवळ असल्यामुळें हा संदेश फिलिप्सच्या कानांत कर्कशपणें आदळला. त्यानें चिडून एव्हन्सला गप्प राहण्यास सांगितलें. एव्हन्स कांहीं वेळ नुसता ऐकत राहिला आणि ११-३५ च्या सुमारास यंत्र बंद करून निजावयास गेला. ११-४० वाजतां टायटॅनिक हिमनगावर आदळलें. सुमारें दीड हजार माणसें त्या रात्रीं प्राणांस मुकलीं. या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. पण आकाशांतील बोलण्यास कांहीं शिस्त हवी, ही गोष्ट त्या रात्रीनंतर कोणासहि पटवून द्यावी लागली नाहीं.

राष्ट्रांचा पहिला बिनतारी करार १९०६ मध्यें बर्लिन येथें झाला होता. १९१२ मध्यें लंडन येथें दुसरा झाला. त्याच वर्षीं १३ ऑगस्ट रोजीं अमेरिकेनें आपला रेडिओ कायदा केला. त्यांत हौशी लोकांच्या खासगी यंत्रांस २०० मीटरपेक्षां लांब लहर वापरण्याची मनाई होती आणि त्यांच्या ट्रान्सफॉर्मरास १ किलोवॅटपेक्षां अधिक वीज देतां येत नसे. आरमारी किंवा लष्करी ठाण्यापासून ५ सागरी मैलांच्या आंत ही मर्यादा अर्ध्या किलोवॅटवर येई. याच कायद्यांत एक साधें कलम होतें: संकटाचा संदेश वगळतां प्रत्येक ठाण्यानें आपलें काम भागेल इतकी कमींत कमी शक्तिच वापरावी. पुढील शंभर वर्षांतील सर्व नियमांचें बीज या एका वाक्यांत आहे.

परंतु मोठ्यानें बोलण्याचा मोह मोठा असतो. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहराजवळ पॉवेल क्रॉस्ली नांवाच्या कारखानदाराचें ‘डब्ल्यू-एल्-डब्ल्यू’ हें ध्वनिक्षेपणकेंद्र होतें. इतर मोठीं केंद्रें ५० किलोवॅटवर चालत असतां क्रॉस्लीनें प्रयोग म्हणून ५०० किलोवॅटची परवानगी मिळविली. २ मे १९३४ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं व्हाइट हाउसमधून कळ दाबून या केंद्राचें उद्घाटन केलें. तुलनेसाठीं सांगावयाचें, तर १९२७ च्या जुलैंत मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें जें केंद्र सुरू झालें त्याची शक्ति दीड किलोवॅट होती. सिनसिनाटीच्या आसपासच्या शेतांतील तारांचीं कुंपणें आणि घरांचीं पन्हळें गाऊं लागलीं, दिवे मालवले तरी मालवेनात, अशा कथा तेव्हां सांगितल्या जात.

कथा कशाहि असोत, कॅनडाची तक्रार खरी होती. डब्ल्यू-एल्-डब्ल्यूची लहर ७०० किलोसायकलची, तर टोरांटोच्या ‘सी-एफ्-आर्-बी’ केंद्राची ६९०. सरहद्दीपलीकडच्या या धिप्पाड शेजाऱ्यामुळें टोरांटोचें केंद्र रात्रीं ऐकूं येईनासें झालें. अमेरिकन सरकारास क्रॉस्लीची रात्रींची शक्ति ५० किलोवॅटवर आणावी लागली; आणि कॅनडाच्या दिशेनें लहरी दबतील अशा एरियल उभारल्यावरच त्यास पुन्हां पूर्ण आवाजाची मुभा मिळाली. १९३८ मध्यें अमेरिकन सेनेटनें ५० किलोवॅटवरील शक्तीविरुद्ध ठराव केला आणि १ मार्च १९३९ पासून हें केंद्र आपल्या जुन्या मर्यादेंत परतलें. एका देशाचें शक्तिमान दुसऱ्या देशाचें मौन ठरतें, हा धडा यांतून राष्ट्रांना मिळाला.

त्या काळीं कायदा पाळला जातो कीं नाहीं हें पाहणें सोपें होतें. ठाणें एका जागीं उभें असे, त्याची एरियल कोसावरून दिसे, त्याच्या मालकाचें नांव सरकारदप्तरीं असे. निरीक्षक येऊन मोजणी करी. हिंदुस्थानांत १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरविला होता. यंत्र मोठें, मालक थोडे आणि परवाना हातांत: या तीन खांबांवर सारी व्यवस्था उभी होती.

पुढील पन्नास वर्षांत हे तिन्ही खांब हलले. १९३८ मध्यें अमेरिकेनें अति अल्प शक्तीच्या उपकरणांस परवान्याची गरज नाहीं, असा नियम केला. १९४७ मध्यें अटलांटिक सिटी येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें कांहीं लहरी संदेशांसाठीं न ठेवतां कारखाने, वैद्यक आणि संशोधन यांतील उष्णता-यंत्रांसाठीं वेगळ्या काढल्या. २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यांपैकींच. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यांत चालते. गोंगाटाचा म्हणून टाकून दिलेला हा माळ ९ मे १९८५ रोजीं अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानें संदेशवहनासहि मोकळा केला. अट अशी, कीं संदेश रुंद पट्ट्यावर पसरून पाठवावा आणि शक्ति १ वॅटपेक्षां अधिक नसावी. याच माळावर पुढें १९९७ च्या ८०२.११ या प्रमाणग्रंथानें वाय-फायची वसाहत वसविली.

प्रत्येक राष्ट्रानें मात्र या वसाहतीस आपापलें कुंपण घातलें. अमेरिकेंत १ वॅट आणि ११ वाहिन्या. युरोपांत १३ वाहिन्या, पण एरियलेचा जोर धरून १०० मिलिवॅट, म्हणजे वॅटचा दहावा हिस्सा. स्पेनमध्यें आरंभीं दोनच वाहिन्या खुल्या होत्या व फ्रान्समध्यें चार. जपाननें सर्वांपासून दूर अशी १४ वी वाहिनी दिली. भारत सरकारनें २८ जानेवारी २००५ च्या नियमांनीं हा पट्टा परवानामुक्त केला. प्रक्षेपकाची शक्ति १ वॅट, एरियलेच्या जोरासह ४ वॅट, आणि एरियल इमारतीच्या छतापासून ५ मीटरपेक्षां उंच नसावी, अशा त्या अटी होत्या. ५००० मेगाहर्ट्झवरील दुसऱ्या पट्ट्यांत त्या वेळीं घरांतील वापरासाठीं २०० मिलिवॅटची मुभा मिळाली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्यें तो पट्टा अधिक विस्तृत होऊन घराबाहेरहि खुला झाला.

आतां अडचण उघड झाली. कार्ड तयार होतें एका देशांत, विकलें जातें दुसऱ्यांत आणि मालकाच्या पिशवींतून फिरतें दहा देशांत. निरीक्षकानें कोणाच्या घरीं जावें? आरंभींचा उपाय असा, कीं कारखान्यांतच कार्डाच्या स्मरणपट्टींत प्रदेशाचा अंक कोरून ठेवावयाचा. पहिल्या प्रमाणग्रंथांत असे सहाच प्रदेश होते: अमेरिका, कॅनडा, युरोप, स्पेन, फ्रान्स आणि जपान. बाकीचें जग या सहांपैकीं कोणाच्या तरी वळचणीस उभें. २००१ मध्यें ८०२.११डी या पुरवणीनें दुसरी युक्ति काढली. प्रत्येक केंद्रयंत्रानें आपण कोणत्या देशांत आहों, येथें कोणत्या वाहिन्या मोकळ्या आहेत व शक्तीची मर्यादा किती, हें सतत पुकारीत राहावें, म्हणजे नवागतास तें ऐकूनच कळेल.

या सर्व गोष्टींचा हिशेब शेवटीं ड्रायव्हरच्या गळ्यांत येऊन पडला, आणि हा हिशेब दिसतो तितका सोपा नाहीं. एरियल शक्ति निर्माण करीत नाहीं. आहे ती एका बाजूस गोळा करते. तीन डेसिबलचा जोर असलेली एरियल त्या दिशेस शक्ति दुप्पट भासविते. म्हणून जेथें कायद्याची मर्यादा एरियलेसह १०० मिलिवॅट आहे, तेथें अशा एरियलेस कार्डानें ५० च मिलिवॅट द्यावयाचे. शिवाय पट्ट्याच्या कडेवरील वाहिनींत जोर अधिक दिला तर लहरी कुंपणाबाहेर सांडतात, म्हणून कारखान्यानें मोजून ठेवलेली कडेची मर्यादा निराळी असते. केंद्रयंत्र कधीं आणखी संयम मागतें. मालकाचीहि कांहीं इच्छा असते. चांगला ड्रायव्हर हे सगळे आंकडे समोर मांडतो आणि त्यांतील सर्वांत लहान आंकडा निवडतो. १९१२ च्या कायद्यांतील कमींत कमी शक्तीचें तें कलम असें अंकगणित होऊन पुन्हां अवतरलें.

प्रश्न उरला विश्वासाचा. शक्ति ठरविणारा आंकडा प्रोग्रॅममध्यें असेल, तर प्रोग्रॅम बदलणारा माणूस कायदाहि बदलूं शकतो. ही भीति विशेषतः लिनक्स आणि ओपन-बीएस्‌डी यांसारख्या, ज्यांचा प्रत्येक शब्द वाचतां व बदलतां येतो अशा प्रणालींच्या बाबतींत पुढें आली. ॲथेरॉस या कंपनीच्या कार्डांचा लहरींवर ताबा ठेवणारा भाग म्हणूनच बंद पेटींत दिला जाई. तो चालवितां येई, पण वाचतां येत नसे. इंटेलनें २००६ मध्यें आपल्या एका कार्डाचा ड्रायव्हर खुला केला, पण कायद्याचा पहारा करणारा एक बंद प्रोग्रॅम त्याशेजारीं सतत चालत ठेवण्याची अट घातली. खुल्या प्रणालींच्या कार्यकर्त्यांस हें रुचलें नाहीं. जें वाचतां येत नाहीं त्यांतील चूक सुधारतां येत नाहीं, आणि आपल्याच यंत्रांत परक्याचा पहारेकरी कां असावा, असा त्यांचा सवाल होता. ओपन-बीएस्‌डीच्या राइक फ्लोएटर यांनीं ॲथेरॉसच्या कार्डाचें वर्तन पाहून पाहून त्या बंद पेटीस पर्यायी असा खुला भाग लिहून काढला. इंटेलचा पहारेकरीहि फार काळ टिकला नाहीं. त्याचें काम पुढें कार्डाच्या आंतील प्रोग्रॅमकडे गेलें.

शंका दोन्हीं बाजूंनीं होती. २००७ मध्यें अमेरिकन आयोगानें असें मत दिलें, कीं ज्या यंत्राची सुरक्षितता सर्वस्वीं खुल्या प्रोग्रॅमवर अवलंबून आहे, त्याच्या निर्मात्यास ती पुरेशी आहे हें सिद्ध करणें जड जाईल. त्याच सुमारास खुल्या पक्षानेंहि एक गोष्ट ओळखली: कायदा मोडण्याचें साधन म्हणून आपल्याकडे पाहिलें जात असेल, तर कायदा उत्तम पाळून दाखविणें हेंच त्यास उत्तर आहे. २००८ हें वर्ष या दृष्टीनें महत्त्वाचें ठरलें. ॲथेरॉसनें त्या वर्षीं आपल्या नव्या कार्डांचा पूर्ण खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला आणि जुनी बंद पेटीहि उघडली. त्याच वर्षीं लुइस रॉड्रिग्ज, योहानेस बेर्ग आणि जॉन लिनव्हिल यांच्या परिश्रमानें लिनक्समध्यें सर्व बिनतारी ड्रायव्हरांसाठीं एकच कायदेविभाग उभा राहिला.

त्याची रचना मोठी समंजस आहे. जगांतील देशांचे नियम एका साध्या मजकुराच्या यादींत लिहिलेले असतात: देशाचीं दोन अक्षरें, लहरींचा पट्टा, त्याची रुंदी आणि शक्तीची मर्यादा. ही यादी कोणीहि वाचावी, चूक दिसल्यास सरकारी नियमाचा आधार देऊन ती कळवावी. मात्र यंत्रांत जाणाऱ्या प्रतीवर राखणदाराची गणिती मुद्रा असते. वाटेंत कोणीं एक आंकडा जरी बदलला तरी ती मुद्रा जुळत नाहीं आणि यंत्र ती यादी नाकारतें. देश माहीत नसेल तेव्हां ‘००’ या खुणेचा जागतिक नियम लागू होतो. बहुतेक सर्व देशांत चालेल तेवढेंच त्यांत असतें: २४०० च्या पट्ट्यांतील पहिल्या ११ वाहिन्यांवर १०० मिलिवॅट, आणि इतरत्र बहुतेक ठिकाणीं आधीं नुसतें ऐकावयाचें, आपण होऊन बोलावयाचें नाहीं. कार्ड एक देश सांगतें आणि मालक दुसरा, असें झाल्यास दोन्ही नियमांत जें समान तेवढेंच मोकळें राहतें. ज्यास शंका आली त्यानें अधिक कडक वाट धरावी, ही वृत्ति त्या रचनेच्या मुळाशीं आहे.

हा काटेकोरपणा नुसता दप्तरी नव्हे. ५००० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत हवामानाचीं व इतर रडारें पूर्वींपासून नांदत होतीं. २००३ मध्यें जिनिव्हा येथील जागतिक परिषदेनें तो पट्टा वाय-फायला दिला, तो घरमालकाचा मान राखण्याच्या अटीवर. अशा वाहिनीवर बोलण्यापूर्वीं यंत्रानें एक मिनिटभर ऐकावें. रडारचा ठोका ऐकूं आल्यास १० सेकंदांत तेथून निघावें आणि अर्धा तास परत फिरकूं नये. २००९ मध्यें पोर्तो रिकोमधील सान हुआन येथें याची किंमत कळली. तेथील विमानतळाचें डॉप्लर रडार वाऱ्याची अचानक उलटापालट ओळखून उतरणाऱ्या वैमानिकांस सावध करीत असे. त्याच्या पडद्यावर परकीय लहरींच्या रेघा उमटूं लागल्या. शोध घेतां, जवळपासच्या उंच जागांवर बसविलेलीं कांहीं बाहेरचीं बिनतारी यंत्रें त्यास कारण निघालीं. यंत्रांतील एक चुकीची मांडणी, आणि दूर कोठें तरी आकाशांत एका विमानाचा इशारा पुसला जातो.

अशा अनुभवांनंतर २०१४ मध्यें अमेरिकन आयोगानें या पट्ट्यांतील यंत्रांचा प्रोग्रॅम परक्या हातानें बदलतां येऊं नये, असा नियम केला, आणि २०१५ मध्यें तो अधिक व्यापक करण्याचा प्रस्ताव मांडला. खुल्या प्रणालींच्या जगांत खळबळ उडाली. निर्माते शक्तीच्या आंकड्यापुरतें कुलूप न घालतां सबंध यंत्रच कुलूपबंद करतील, मग सुरक्षिततेचे दोष दुरुस्त करणें व नवे शोध लावणें दोन्ही थांबेल, असा आक्षेप होता. त्या ऑक्टोबरांत डेव्ह टाट आणि इंटरनेटच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक व्हिंट सर्फ यांच्यासह २६० हून अधिक जाणकारांनीं आयोगास निवेदन धाडलें. लपविण्याऐवजीं निर्मात्यांनीं आपला प्रोग्रॅम उघडा करावा आणि तो नेहमीं दुरुस्त ठेवावा, अशी उलट मागणी त्यांनीं केली. आयोगानें त्यानंतर, सर्व फेरफार बंद करण्याचा आपला हेतु नाहीं, असा खुलासा केला.

१ ऑगस्ट २०१६ रोजीं या वादास एक बोलकें वळण लागलें. टीपी-लिंक या कंपनीच्या कांहीं राउटरांत मालकास देशाचें नांव बदलून ठरलेल्या मर्यादेपेक्षां अधिक शक्ति घेतां येत असे, म्हणून कंपनीनें २ लाख डॉलर भरण्याचें मान्य केलें. त्याच तडजोडींत, शक्तीची मर्यादा सुरक्षित ठेवून खुले प्रोग्रॅम आपल्या यंत्रांवर चालावेत यासाठीं प्रयत्न करण्याचेंहि तिनें कबूल केलें. येथें मर्यादा ओलांडण्याची वाट बाहेरच्या कोणीं फोडली नव्हती. ती निर्मात्याच्याच मांडणींत होती. म्हणजे बंद पेटी ही प्रामाणिकपणाची हमी नव्हे, आणि उघडें पुस्तक हें चोरीचें आमंत्रणहि नव्हे.

देशाचें नांव बदलून आपल्या राउटरचा आवाज वाढविण्याचा मोह आजहि पुष्कळांस होतो. त्याचा लाभहि फारसा होत नाहीं. राउटर मोठ्यानें बोलला, तरी पलीकडच्या खोलींतील लहानशा यंत्राचें उत्तर पूर्वींइतकेंच क्षीण राहतें, आणि बोलणें तर दोघांचें व्हावयाचें असतें. नुकसान मात्र चाळींतल्या किंवा इमारतींतल्या प्रत्येक शेजाऱ्याचें होतें. पूर्वींच्या निरीक्षकाची जागा आतां एका यादीनें आणि ती वाचणाऱ्या ड्रायव्हरनें घेतली आहे. परंतु त्यास मुद्दाम खोटा देश सांगणाऱ्या माणसापुढें त्याचा इलाज थोडाच चालतो. तेथें कायदा पुन्हां माणसाच्याच विवेकावर येऊन टेकतो.

तोकियोहून परतलेला तो संगणक मुंबईच्या घरांत पुन्हां सुरू होतो. पहिले कांहीं क्षण तो कोणास न कळत आसपास ऐकत असतो: येथें कोण बोलत आहे, देश कोणता, मर्यादा किती. हें सारें कळल्यावर तो हलक्या आवाजांत आपली ओळख सांगतो.